दीर पतपेढीचे संचालक, मग ठेव कुठे ठेवू?

प्रश्न : मी भांडुपला राहते, परळच्या एका खासगी रुग्णालयात लॅब टेक्निशियन आहे. वडिलांच्या पश्चात गावचं घर विकलं, त्यातले साडेसात लाख माझ्या वाट्याला आले. आमच्या कर्मचारी पतपेढीत बँकेपेक्षा दीड टक्का व्याज जास्त मिळतं. मी तिथली सभासद आहे, दोन लाखांचं कर्जही चालू आहे, हप्ता पगारातून कापला जातो. अडचण अशी, की माझे दीर याच रुग्णालयात नोकरीला आहेत आणि यंदा पतपेढीच्या संचालक मंडळावर निवडून आलेत. हे पैसे मला मुलीच्या शिक्षणासाठी जपायचे आहेत, सासरी कळू द्यायचे नाहीत. माझ्या ठेवीची माहिती दिरांपर्यंत जाऊ नये, असं पतपेढीला कायद्याने बांधून घेता येईल का? एक मैत्रीण म्हणते, पतपेढीतलं व्याज इन्कम टॅक्सला कळत नाही. दुसरी म्हणते, बँका तर माहिती विकतातच. काय करू?

उत्तर : ताई, पैसे तुमचे आहेत का, ही शंका मनात असेल तर ती आधी काढून टाका. हिंदू वारसा कायदा तुम्हाला लागू असेल, तर त्याच्या कलम १४ प्रमाणे वारशाने आलेली मालमत्ता स्त्रीच्या पूर्ण मालकीची असते. ती कुठे ठेवायची हे यजमानांना विचारायला कायदा सांगत नाही, दिरांना तर नाहीच.

आता दिरांचा प्रश्न. पतपेढीला पत्र देऊन बांधून घेता येईल का? पत्र देता येईल, चिटणीस पोचही देतील. पण त्या पत्रावर माझा तरी भरवसा नाही. सहकारी संस्थेचा कायदा मुळात उघडेपणाच्या अंगाने लिहिलेला आहे, कारण संस्था सभासदांची. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ३२ खाली कुठलाही सभासद सभासदांची नोंदवही, ताळेबंद, सभांची इतिवृत्तं पाहू शकतो. व्यवहारांच्या नोंदी मात्र फक्त स्वतःच्या. म्हणजे शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला तुमची ठेव पाहायचा अधिकार नाही. पण दीर नुसते सभासद राहिले नाहीत. संस्थेचा कारभारच ज्यांनी पाहायचा, त्या मंडळात ते बसतात. मोठ्या ठेवींची यादी बैठकीत टेबलावर आली, तर ती पाहणं हे त्यांचं कामच झालं. त्यांनी ते घरी बोलणं गैर आहे, पण एकदा बोललं गेलं की तुम्ही कोणत्या कोर्टात जाणार आणि काय परत मिळवणार?

मी लहान होते तेव्हा आमच्या चाळीत पतपेढीचे पिग्मीवाले, म्हणजे दारोदार रोजची छोटी बचत गोळा करणारे काका रोज संध्याकाळी यायचे. माणूस सज्जन, पैशाचा चोख. पण कोणी पिग्मी बंद केली, कोणी मोडली, हे त्यांच्या खाकी पिशवीमागून मजलोमजली जायचं. त्यांनी कधी कोणाचं नाव घेतलं नसेल, नुसतं एका दाराशी न थांबता पुढे गेले तरी बायका समजून जायच्या. ओळखीच्या जोरावर चालणाऱ्या संस्थेचा हा स्वभावच आहे. पतपेढीत दोन जामीनदारांवर कर्ज मिळतं तेही याच ओळखीमुळे.

बाहेरच्यांपासून मात्र तुम्हाला चांगलं संरक्षण आहे. केरळमधल्या तलप्पलम इथल्या सहकारी संस्थेच्या काही सभासदांच्या खात्यांचा तपशील कोणीतरी माहिती अधिकारात मागितला होता. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. २०१३ साली न्यायालयाने सांगितलं, की सरकारच्या मोठ्या अर्थसाहाय्यावर किंवा खोलवरच्या नियंत्रणाखाली नसलेली सहकारी संस्था माहिती अधिकाराच्या कक्षेत येत नाही. पण तुमची भीती बाहेरच्यांची नाहीच.

मैत्रिणीचं इन्कम टॅक्सचं म्हणणं ताबडतोब विसरा. त्याच केरळमधल्या काथिरूरच्या सहकारी संस्थेकडे आयकर खात्याने मोठ्या ठेवीदारांची यादी मागितली, संस्था सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडली आणि २०१३ मध्येच हरली. पतपेढीचं व्याज करपात्र उत्पन्न आहे, विवरणात दाखवायचंच. दिरांपासून झाकणं हा तुमचा हक्क, आयकरापासून झाकणं हा गुन्हा. दोन्ही एका पिशवीत भरू नका.

गुप्तता बाजूला ठेवली तरी मी ही ठेव पतपेढीत ठेवू देणार नाही. बँकेतल्या ठेवीला ठेव विमा महामंडळाचं ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे, प्रत्येक बँकेत प्रत्येक ठेवीदाराला, मुद्दल आणि व्याज मिळून. नागरी सहकारी बँकाही त्यात येतात. पतपेढी येत नाही. भांडुपच्या माणसाला हे समजावायला नको. पीएमसी बँकेचं मुख्य कार्यालय तुमच्याकडेच होतं. सप्टेंबर २०१९ मध्ये तिच्यावर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला खात्यातून फक्त हजार रुपये काढता येत होते आणि विमा होता १ लाखाचा. फेब्रुवारी २०२० मध्ये तो ५ लाख झाला. २०२१ च्या दुरुस्तीने निर्बंध लागल्यापासून ९० दिवसांत विम्याची रक्कम देण्याची सोय झाली. फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले, तेव्हा ठेवीदारांच्या हाताशी हा कायदा तरी होता. पतपेढी अडकली तर सहकार खात्याचे उंबरे झिजवायचे. सहकार खात्याचं कार्यालय असलेल्या, जीपीओसमोरच्या मल्होत्रा हाऊसचा जिना मी बऱ्याच ठेवीदारांबरोबर चढले आहे, म्हणून सांगते.

शिवाय कलम ४६ आहे. सभासदाकडून येणं असेल तर त्याच्या ठेवीवर संस्थेचा बोजा असतो आणि ती ठेव येण्यापोटी वळती करता येते. तुमचं दोन लाखांचं कर्ज तिथेच आहे. उद्या काही कारणाने नोकरी सुटली आणि हप्ते थांबले, तर मुलीची फी आधी कर्जात जाईल. हे सगळं कशासाठी? साडेसात लाखांवर दीड टक्का म्हणजे वर्षाला ११,२५० रुपये, महिन्याला हजारही नाहीत, आणि त्यावरही कर.

कर्ज मात्र आहे तिथेच राहू द्या. तातडीच्या गरजेला पतपेढीइतकं लवकर दुसरं कोणी देत नाही. पतपेढीच्या कर्जाची नोंद सहसा सिबिलमध्ये, म्हणजे बँका पाहतात त्या कर्जफेडीच्या नोंदीत, जात नाही, त्यामुळे नियमित फेडीचं श्रेयही तिथे मिळत नाही. पुढे गृहकर्ज घ्याल तेव्हा हे कर्ज लपवू नका, पगाराच्या स्लिपवर कपात दिसतेच.

बँकांकडे वळू. ग्राहकाची माहिती गुप्त ठेवणं हे बँकेचं जुनं कायदेशीर कर्तव्य आहे. राष्ट्रीयीकृत बँकांच्या १९७० च्या कायद्यात त्यासाठी स्वतंत्र कलम १३ आहे. यजमान शाखेत जाऊन ‘मिसेसचं खातं आहे का’ विचारू लागले तर बँकेने सांगता कामा नये. ‘माहिती विकतात’ हा राग बहुतेक विम्याच्या फोनवरून येतो. खातं उघडण्याच्या अर्जात समूहातल्या इतर कंपन्यांना माहिती देण्याची संमती असते, ती वाचून नाकारा आणि १९०९ वर डीएनडी, म्हणजे जाहिरातींचे फोन बंद करण्याची सोय, लावा. वैयक्तिक माहिती संरक्षणाचा २०२३ चा कायदा आहे, नियमही नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, पण संस्थांवरच्या मुख्य जबाबदाऱ्यांना १८ महिन्यांची मुदत दिली आहे.

माझ्या अनुभवात बायकांची ठेव बँकेतून फुटत नाही, घरातूनच फुटते. एसएमएस कुटुंबाच्या सामायिक नंबरवर येतो. पावती कुरिअरने येते आणि सासूबाई सही करून घेतात. सर्वात दुर्लक्षित माणूस म्हणजे घरचा सीए. टीडीएस, म्हणजे व्याज देतानाच कापला जाणारा कर, कापला गेला नाही तरी व्याज तुमच्या एआयएसमध्ये, म्हणजे आयकर खात्याकडच्या तुमच्या वार्षिक माहितीपत्रकात, दिसतं. घरातल्या सगळ्यांची विवरणं एकच सीए भरत असेल, तर यंदा घरविक्रीचा भांडवली नफा दाखवताना त्याला सगळं कळणारच. वेगळा सीए गाठा, तोही विक्रीचे कागद देण्याआधी.

एक मर्यादा सांगून ठेवते. देव न करो, पण उद्या पोटगीचा वाद कोर्टात गेला, तर रजनेश विरुद्ध नेहा या सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या निकालाप्रमाणे दोघांनाही मालमत्तेचं शपथपत्र द्यावं लागतं. त्यात ही ठेव लिहावी लागेल. खोटं शपथपत्र अंगाशी येतं.

तर साडेचार लाख एका बँकेत, तीन लाख दुसऱ्या बँकेत. एकाच बँकेच्या दोन शाखा चालणार नाहीत, विम्यासाठी त्या एकच धरतात. नॉमिनी म्हणून मुलीचं नाव घालाल, पण ती अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालची, असेल तर तिच्या वतीने पैसे घेणारा माणूसही अर्जात नेमावा लागतो. तिथे सवयीने सासरचं नाव लिहू नका, तुमची सख्खी बहीण किंवा भाऊ बघा. नॉमिनी मालक होत नाही, त्यामुळे साध्या कागदावर दोन साक्षीदारांसमोर मृत्युपत्रही करा. त्याला स्टँप लागत नाही, नोंदणीची सक्ती नाही.

आणि ठेवीची मुदत संपल्यावर रक्कम कोणत्या खात्यात जमा व्हायची, तो रकाना स्वतः भरा. काउंटरवरचा मुलगा घाईत जुनं, यजमानांबरोबरचं संयुक्त खातं जोडून देतो आणि तीन वर्षं जपलेली गोष्ट एका एसएमएसने त्यांच्या मोबाइलवर जाते.