सशांचं शिकून पोट भरेल का?

प्रश्न : आम्ही देवगड तालुक्यातले, आंब्याची बाग आहे. मुलगी बारावी सायन्सला, बायोलॉजी घेतलंय. पडवीत तिने ससे पाळलेत. परवा मादीचं पोट चाचपून म्हणाली, "बाबा, बोरं ओवल्यासारखी लागतात. एवढ्या अंतरावर ती लावली कोणी?" आता तिला हेच शिकायचंय. घरचे म्हणतात, नर्सिंगला घाला. सशांचं शिकून पोट भरेल का?

उत्तर : नमस्कार. तुमच्या लेकीचा प्रश्न दोनदा वाचला. तो खरोखर संशोधनाचा प्रश्न आहे.

सशाच्या मादीत बीज सुटतं ते नराशी संग झाल्यावर 10-12 तासांनी, त्यामुळे गर्भाचं वय तासांत मोजता येतं. बीजनलिकेतून उतरताना त्याच्याभोवती जेलीसारखा म्युसिनचा थर चढतो. तीनेक दिवसांनी तो गर्भाशयात येतो आणि आत पाणी भरून फुगू लागतो. सहाव्या दिवशी काही मिलिमीटरचा, नुसत्या डोळ्यांना दिसणारा पारदर्शक फुगा! गर्भाशयाचे स्नायू आकुंचन पावत हे फुगे पुढेमागे सरकवतात. तिच्या हाताला लागलेली अंतरं ती हीच. सातव्या दिवसाच्या सुमारास थर विरतो, फुगा भिंतीला चिकटतो आणि तिथे गर्भाशय घुमटासारखं वर येतं.

1890 मध्ये वॉल्टर हीप या इंग्रज शास्त्रज्ञाने एका सशाचे गर्भ दुसऱ्या मादीत ठेवून पिल्लं मिळवली. 1959 मध्ये एम. सी. चँग यांनी शरीराबाहेर फलित केलेल्या बीजांपासून सशाची पिल्लं जन्माला घातली. माणसांत हेच तंत्र वापरून मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयात टेस्ट ट्यूब बेबी जन्मली ती 1986 मध्ये.

आता पोटाचं. माझं मत विचाराल तर तिने नीट (NEET) ही प्रवेश परीक्षा देऊन पशुवैद्यकीय पदवी घ्यावी. परळ आणि शिरवळ, दोन्हीकडे कॉलेज आहे. इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं. पुढे पशुप्रजननात एमव्हीएससी ही पदव्युत्तर पदवी करता येते, आणि संशोधनात मन रमलं नाही तरी डॉक्टरकी हातात राहते. प्राणिशास्त्रात बीएससी, एमएससी, पीएचडी हा रस्ताही आहे. पण तो लांबचा आहे, आणि फेलोशिप मिळेपर्यंत घराला आधार द्यावा लागतो. आंब्याचं एखादं वर्ष वाईट गेलं तर काय, याचा हिशेब आधीच मांडा. आयव्हीएफ, म्हणजे टेस्ट ट्यूब बेबीच्या लॅबमध्ये गर्भ हाताळणाऱ्या एम्ब्रिऑलॉजिस्टची नोकरीही याच वाटेवर लागते.

एक गोष्ट मात्र तिच्याशी आत्ताच बोला. सातव्या दिवशीचं गर्भाशय पाहायचं तर बहुतेक वेळा सशाचा जीव घ्यावा लागतो. संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीच्या परवानगीशिवाय असा प्रयोग होत नाही, तरी हात तिचाच असणार. पडवीत लाडाने ससे पाळणाऱ्या मुलीला हे जड जाईल. "नको" म्हणाली तर त्यात कमीपणा काही नाही. आजारी जनावर बरं करणारे डॉक्टर कोकणाला हवेच आहेत.

तोवर तिला एक वही करून द्या. संगाची तारीख, चाचपताना डावी-उजवीकडे लागलेल्या गाठी, सुमारे 31 व्या दिवशी झालेली पिल्लं, सगळं लिहू दे. आणि रोज चाचपायचं नाही हं. बाराव्या ते चौदाव्या दिवसांत एकदाच, अगदी हलक्या हाताने.