घरी केलेली आयरिश रेड एल आणि वर्धा जिल्ह्यातील दारूबंदी

प्रश्न: मी आर्वी तालुक्यातील शेतकरी कुटुंबातला आहे. आयर्लंडमध्ये नोकरी करताना तिथल्या मित्रांकडून रेड एल (बिअरचा एक प्रकार) करायला शिकलो. गावी परतल्यावर माल्ट (मोड आणून वाळवलेले जव), हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुले) आणि यीस्ट मागवून २० लिटर एल केली, जुन्या फ्रिजमध्ये ड्रम ठेवून आंबवली आणि काही बाटल्या हिंगणघाटच्या मित्राला फुकट दिल्या. आता गावातील दारूबंदी मंडळाच्या महिला ठाण्यात तक्रार देणार आहेत. मी ती विकली नाही, भट्टीवर गाळली नाही, मोहफुलाला हातही लावला नाही. तरी गुन्हा होतो का? उरलेली एल नाल्यात ओतून देऊ का?

उत्तर: होय, गुन्हा होतो, आणि आपण दिलेल्या तिन्ही कारणांपैकी एकही बचावाला पुरेसे नाही.

महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ मध्ये मद्याची व्याख्या अल्कोहोल असलेल्या प्रत्येक द्रवाला सामावून घेते आणि बिअरच्या व्याख्येत एलचा समावेश आहे. त्यामुळे द्रव गाळला की नुसता आंबवला, मोहाचा की जवाचा, हा फरक इथे उपयोगाचा नाही. कलम १२ परवान्याशिवाय मद्य तयार करणे, बाळगणे आणि वाहून नेणे या तिन्हींना मनाई करते, म्हणून हिंगणघाटला गेलेल्या बाटल्यांचे पैसे घेतले नाहीत एवढ्याने तो प्रश्न मिटत नाही. अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने घरगुती बिअरला ठरावीक प्रमाणापर्यंत सूट मिळाली आणि आयर्लंडमध्येही स्वतःपुरती बिअर करता येते, हे खरे आहे. परंतु मद्य हा आपल्या राज्यघटनेनुसार राज्यांचा विषय असून, महाराष्ट्राच्या कायद्यात स्वतःपुरते मद्य घरी करण्याची तशी सूट नाही. मद्यसेवनाचा परवाना असता, तरी तो पिण्याचा असतो, तयार करण्याचा नव्हे. शिवाय आपला जिल्हा कित्येक दशकांपासून दारूबंदीचा आहे, त्यामुळे पोलीस हा प्रकार हौस म्हणून सोडून देतील अशी आशा मी तरी ठेवणार नाही.

शिक्षेची तरतूद मुख्यतः कलम ६५ मध्ये आहे आणि मद्य तयार करण्याच्या हेतूने साहित्य व भांडी बाळगणेही त्याच कलमात येते. माल्ट किंवा मोठे पातेले घरात असणे हा आपोआप गुन्हा नाही, तो हेतूने ठरतो. मात्र कलम १०३ नुसार अशा साधनांचा समाधानकारक खुलासा देता आला नाही, तर उलट सिद्ध होईपर्यंत आरोपीने गुन्हा केल्याचे न्यायालय गृहीत धरते. आपल्याकडे तर आंबवण्याचा ड्रम, नळी आणि भरलेल्या बाटल्या एकाच खोलीत आहेत.

नाल्याचा प्रश्न खरोखर अवघड आहे. एल घरात ठेवणे म्हणजे बाळगण्याचा गुन्हा चालू ठेवणे. उलट तक्रार होणार हे ठाऊक असताना स्वतःला वाचवण्यासाठी ती नष्ट केली, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २३८ खाली पुरावा नाहीसा केल्याचा आरोप होऊ शकतो. याचे सरसकट उत्तर मी लिहून देणार नाही. आज-उद्याच आर्वी किंवा वर्ध्याच्या फौजदारी वकिलाला प्रत्यक्ष भेटा, त्यांना सगळे खरे सांगा आणि तोवर नवीन काही करू नका, कोणाला काही देऊ नका. मित्रालाही बाटल्या लपवायला सांगू नका, कारण तो फोन पुढे आपल्याच अंगलट येईल.

अटकेची भीती असल्यास भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४८२ खाली वर्ध्याच्या सत्र न्यायालयात अटकपूर्व जामिनासाठी अर्ज करता येतो. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यांत पोलिसांना सरसकट अटक करता येत नाही. अटकेची गरज नसेल, तर कलम ३५(३) ची नोटीस देऊन बोलावले जाते. ती आल्यास ठरल्या वेळी हजर राहा, पण स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती आपल्यावर करता येत नाही, हे राज्यघटनेच्या अनुच्छेद २०(३) चे संरक्षण ध्यानात ठेवा.

झडती झालीच, तर अडथळा आणू नका, मात्र पंचनामा नीट वाचल्याशिवाय सही करू नका. आपल्या भागात असे जप्तीचे कागद बहुधा मोहाच्या हातभट्टीचेच असतात, त्यामुळे सवयीने ‘मोहा सडवा’ (दारूसाठी सडवलेली मोहफुले) असे लिहिले जाण्याची शक्यता असते. ड्रममधील द्रव जवाचा असल्याची नोंद, मोजलेले लिटर, नमुन्याच्या बाटलीवरील सील आणि पंचांच्या सह्या बरोबर आहेत का, हे पाहा आणि चूक असल्यास त्याच वेळी सांगा. प्रयोगशाळेचा अहवाल आल्यावर या नोंदी बचावाला लागतात. हातभट्टीचा धंदा आणि हौसेखातर एकदा केलेले २० लिटर यांतला फरक गुन्हा पुसत नसला, तरी जामिनाच्या आणि शिक्षेच्या वेळी वकिलाला तो मांडता येतो.

आई-वडिलांबद्दल आपण विचारलेले नाही, तरी सांगतो. केवळ त्या घरात राहतात म्हणून ते आरोपी होत नाहीत, जाणूनबुजून मदत केली असेल तर गोष्ट वेगळी. घर व शेत कोणाच्या नावे आहे, फ्रिजची खोली कोण वापरते आणि सामान कोणी, कोणत्या खात्यातून मागवले, याची कागदपत्रे वकिलाकडे जाताना सोबत न्या.