इमारत पाडली, आता आठवणी कुठून गोळा करू?

प्रश्न: आमच्या छोट्या शहरातली जुनी दुकानांची इमारत पाडून टाकली. खाली दुकानं, वर वकील, डॉक्टर, शिंपी यांच्या खोल्या. तेव्हा नीट फोटोसुद्धा काढला नाही, याचं फार वाईट वाटतं. आता आठवणी जमवायच्यात, पण सुरुवात कुठून करू? लोक म्हणतात दुकानंच तर होती, राजवाडा होता का?

उत्तर: अहो, दुकानंच होती म्हणून तर जमवा! राजवाड्यात किती जण आत गेले असतील? इथं सगळं गाव चढलं-उतरलंय, जिन्याची पायरी मधोमध झिजून खोलगट झाली असेल ना, ती आपल्याच सगळ्यांच्या पायांनी.

पहिलं काम म्हणजे म्हाताऱ्या माणसांना गाठा आणि हे आजच करा, कागद थांबतात, माणसं थांबत नाहीत. पण "इमारत कशी होती" असं विचारू नका, "छान होती हो" म्हणतील आणि गप्प बसतील. मोठा कागद पसरा, रस्त्याची एक रेघ ओढा आणि विचारा, कोपऱ्यावर कोण होतं, त्याच्या शेजारी कोण, जिना कुठून चढायचा. दोघं-तिघं एकत्र असले तर भांडतील, "घड्याळवाला डावीकडे होता", "छे, उजवीकडे!" भांडू द्या, त्यातूनच बाकीचं आठवत जातं. परवानगी घेऊन फोनवर रेकॉर्ड करा, दोन्ही म्हणणी लिहून ठेवा, लगेच एक खरं ठरवायची घाई नको.

फोटोंचं म्हणाल तर इमारतीचा फोटो मागू नका, माणसांचे मागा. मिरवणूक, नवी सायकल, शाळेचा ग्रुप, यांच्या मागे ती उभी सापडेल. फोटोची मागची बाजूही स्कॅन करा, तारीख आणि नावं तिथंच असतात. जुनी बिलं, लेटरहेड, जाहिराती शोधा, एका बिलावर दुकानाचं नाव, पत्ता, साल सगळं मिळून जातं. अमेरिकेत तर सॅनबॉर्न कंपनीने आगीच्या विम्यासाठी सुमारे १२,००० गावा-शहरांचे नकाशे केले, विटांच्या इमारती गुलाबी, लाकडी पिवळ्या. विमावाल्यांनी धंद्यासाठी केलेलं काम, आज इतिहासाला उपयोगी पडतंय.

शिकागोत अ‍ॅडलर आणि सलिव्हन या वास्तुविशारदांनी उभारलेलं १८९४चं स्टॉक एक्स्चेंज १९७२ मध्ये पाडलं. रिचर्ड निकेल नावाचा फोटोग्राफर त्यातलं कोरीवकाम वाचवायला आत जायचा, आणि त्याच पाडकामात मजला कोसळून तो गेला. हे वाचलं की आजही पोटात कालवतं. (तुम्ही मात्र पडक्या इमारतीत एकटे शिरू नका, हात जोडून सांगते.) तिथला व्यवहारांचा हॉल पुढे शिकागोच्याच आर्ट इन्स्टिट्यूट या कलासंग्रहालयात पुन्हा उभा केला, दारावरची कमान बाहेर उभी आहे. पॅरिसच्या ले आल मंडईचे लोखंडी मंडप १९७१ पासून पाडले, त्यातला अंडी-कोंबड्यांचा एक मंडप नोजां-सूर-मार्न या शेजारच्या छोट्या शहरात नेऊन उभा केलाय. म्हणजे तुकडा वाचला तरी खूप असतं. तुमच्याकडे कुणी खिडकी, कठडा, फरशी घरी नेली असेल, विचारून बघा, लोक न सांगता जपून ठेवतात.

प्रश्न: त्याच इमारतीतल्या एका दुकानाची लाकडी पाटी माझ्याकडे आहे, अक्षरं पुसट झालीत. रंगवून घेऊ का?

उत्तर: नको! मऊ ब्रशने नुसती धूळ झाडा, पाणी-साबण लावू नका. अंधाऱ्या खोलीत टॉर्च एका बाजूने, पाटीला जवळजवळ टेकवून धरा आणि फोटो काढा, पुसट अक्षरांच्या कडा वर येतात, कधी रंगाखाली दडलेलं आधीच्या दुकानाचं नावही दिसतं. आणि पाटी कुठल्या दारावरची, कुणी दिली, कधी, हे चिठ्ठीवर लिहून पाटीसोबतच ठेवा.