सिनेमाची कल्पना सुचली आहे, पण कोणी चोरली तर?

तुम्ही विचारलंय की सिनेमासाठी एक छान कल्पना सुचली आहे, लिखाणाचा अनुभव नाही, आणि कोणाला ऐकवली तर ती चोरीला जाईल अशी धास्ती वाटते. ही धास्ती मला चांगली ठाऊक आहे. माझी पहिली गोष्ट मी दोन वर्षं कोणाला सांगितली नाही. पण त्या दोन वर्षांत तिचं एक पानही लिहिलं नाही, आणि खरं नुकसान तिथेच झालं.

नुसत्या कल्पनेवर कॉपीराइट मिळत नाही. संरक्षण मांडणीला असतं, कल्पनेला नाही, हे 1994च्या ट्रिप्स करारातही (बौद्धिक संपदेच्या हक्कांबद्दलचा आंतरराष्ट्रीय करार) स्पष्ट लिहिलंय. ‘अबोला धरलेल्या दोन भावांना वडिलांचं घर विकायचंय’ यावर कोणीही लिहू शकतं. पण थोरला एजंटला म्हणतो, “त्यांना विचारा, किल्ली कुठेय.” धाकटा दोन हातांच्या अंतरावरच उभा असतो. एजंट बिचारा तोच प्रश्न पुन्हा विचारतो, आणि धाकटा खिशातली किल्ली काढून एजंटच्या तळहातावर ठेवतो. असा प्रसंग तुम्ही कागदावर उतरवला की तो तुमचा.

म्हणून आधी वनलाइन लिहा: कोणाला काय हवंय आणि आडवं काय येतंय. मग दोन-तीन पानांचा सारांश, मग प्रसंगांची यादी. संवादांची घाई नको. बहुतेक गोष्टी मध्यावर दम तोडतात आणि ते या यादीतच दिसून येतं. पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावर साधारण एक मिनिट, त्यामुळे पूर्ण लांबीच्या सिनेमाला 90 ते 120 पानं लागतात.

बर्न करार (कॉपीराइटबद्दलचा आंतरराष्ट्रीय करार) मानणाऱ्या देशांत लिहिल्याक्षणी कॉपीराइट तुमच्याकडे येतो. नोंदणी केली तर तारखेचा भक्कम पुरावा हाती राहतो. शिक्क्यावरची तारीख पुरावा ठरेल म्हणून स्वतःलाच बंद पाकीट पोस्टाने पाठवण्याच्या युक्तीवर मात्र विसंबू नका. प्रत्येक ड्राफ्ट तारखेसह जपून ठेवा. कोणाला गोष्ट ऐकवली तर त्याच दिवशी ईमेल करा: “आज आपण या गोष्टीवर बोललो, सारांश सोबत जोडतोय.”

नवख्या लेखकाच्या एनडीएवर, म्हणजे गोष्ट गुप्त ठेवण्याच्या करारावर, निर्माते सहसा सही करत नाहीत. उलट तेच तुमच्यापुढे रिलीज फॉर्म, म्हणजे गोष्ट वाचण्याआधी तुमच्याकडून सही करून घ्यायचं संमतीपत्र, ठेवतात. ‘अशीच गोष्ट आमच्याकडे आधीपासून असू शकते’ अशा अर्थाचं कलम त्यात बहुधा असतं. ते नीट वाचा, समजलं नाही तर वकिलाला दाखवा, आणि मगच सही करा.