सेंट्रल आफ्रिकन रिपब्लिकमध्ये एवढी वेगवेगळी सैन्यं का आहेत आणि रस्त्यांचा त्याच्याशी काय संबंध?

संबंध थेट आहे. देशाला समुद्र नाही, रेल्वे अजिबात नाही, उबांगी नदीवरून बोटी येतात पण कोरड्या सीझनमध्ये पाणी उतरलं की मोठ्या बोटी बंद, मग उरतो काय तर कॅमेरूनच्या दुआला बंदरापासून राजधानी बांगीपर्यंतचा एक मुख्य रस्ता, बेलोको बॉर्डर आणि बुआर मार्गे. बाकी देशात बहुतेक कच्चे मातीचे रस्ते, पावसात ट्रक रुतून बसतात.

आता हा रस्ता धरला की राजधानीचा गळा धरला. डिसेंबर २०२० च्या निवडणुकीच्या वेळी सीपीसी नावाच्या बंडखोर आघाडीने नेमकं तेच केलं, शेकडो ट्रक बॉर्डरवर अडकले आणि बांगीत खाण्यापिण्याचे भाव भडकले. फेब्रुवारी २०२१ मध्ये यूएनच्या बंदोबस्तात ट्रक सोडायला लागले तेव्हा कुठे जरा मोकळं झालं.

हा रस्ता राखायला सरकारचं स्वतःचं सैन्य कमजोर, त्यात २०१३ पासून यूएनची शस्त्रबंदी (ती पूर्ण उठली २०२४ ला), म्हणून २०१४ पासून यूएनची शांतिसेना मिनुस्का, २०१८ च्या सुमारास रशियाचे वॅग्नरवाले (खाजगी भाडोत्री सैनिक), २०२० ला रवांडाचे जादा सैनिक. वॅग्नरवाले फुकट थोडीच आले, सोन्याच्या खाणीत शिरलेच की! नागरिकांवर अत्याचाराचे आरोप आहेत ते वेगळेच.

आणि उत्तरेला बिराओ गावाकडे २०२३ पासून सुदानच्या युद्धातले निर्वासित येतायत, तिथे तर पावसाळ्यात गाडीने पोचणंच अवघड.