एनएफएल ड्राफ्टचा अंदाज बांधायला कॉलेजचे सामने बघावेच लागतात का?

नाही लागत. (ड्राफ्ट म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल लीगमधले बत्तीस संघ दर एप्रिलला कॉलेजचे खेळाडू क्रमाने निवडतात, ते.) आणि हे मी सांगतोय, ज्याने २०२४ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठाच्या संघाचा एकही सामना सोडला नाही.

आम्ही क्लीव्हलंडजवळ राहतो, आमचे साडू पिट्सबर्गला. आमचा संघ ब्राउन्स, त्यांचा स्टीलर्स, जुने वैरी, म्हणजे पुढचं सांगायला नको. दर एप्रिलला दोन्ही घरचे मिळून दहाजण पहिल्या फेरीच्या बत्तीस जागा कागदावर भरतो, माणशी वीस डॉलर. खेळाडू पहिल्या फेरीत गेला तर एक गुण, संघही जुळला तर दोन, नंबरही जुळला तर तीन.

२०२५ ला मी दुसऱ्या नंबरवर, ब्राउन्सपुढे, कोलोरॅडोचा क्वार्टरबॅक (चेंडू फेकून हल्ला चालवणारा खेळाडू) शेडूर सँडर्स लिहिला. पेनाने, वर दोन रेघा मारून. साडूंनी कागद उचलला आणि सासूबाईंसमोर म्हणाले, "तुम्ही पोरगा बघताय. घेणारा बघा!" २०१८ ला मी ब्राउन्सपुढे क्वार्टरबॅक डार्नल्ड लिहिला आणि त्यांनी दुसराच क्वार्टरबॅक, बेकर मेफील्ड, उचलला, तेव्हापासून हे एकच वाक्य ऐकतोय.

गुरुवारी, पहिल्या फेरीच्या रात्री, कॅम वॉर्ड पहिला, टायटन्स संघाकडे. तो सगळ्यांचाच बरोबर आला. मग ब्राउन्सनी दुसरा नंबर सौद्यात जॅक्सनव्हिलच्या जग्वार्स संघाला देऊनच टाकला. जग्वार्सनी ट्रॅव्हिस हंटर घेतला, ब्राउन्सनी पाचव्यावर उतरून मेसन ग्रॅहम. माझी पावभाजी प्लेटमध्येच गार झाली. फेरी संपली, सँडर्सचा पत्ता नाही. शुक्रवारी ९४ व्या नंबरवर ब्राउन्सनी एकदाचा क्वार्टरबॅक घेतला, तर तो डिलन गेब्रिएल! साडू हसून हसून सोफ्यावरून पडायचे बाकी होते. शनिवारी पाचव्या फेरीत, १४४ व्या नंबरला, ब्राउन्सनीच सौदा करून वर सरकून सँडर्स घेतला. म्हणजे संघ माझा बरोबर होता. गुण शून्य.

आता तुमचा प्रश्न. अंदाज खेळाडूचा नसतो, बत्तीस जनरल मॅनेजरांच्या, म्हणजे संघासाठी खेळाडू निवडणाऱ्यांच्या, डोक्याचा असतो. मार्चमध्ये फ्री एजन्सीत (करार संपलेले खेळाडू नवा संघ धरतात तेव्हा) कोणी कुठली जागा भरली, प्रशिक्षक नवा आहे का, एप्रिलपर्यंत भेटीला कोणाला बोलावलं, हे बघा. एका संघाला बाहेरगावचे तीसच खेळाडू बोलावता येतात, त्यामुळे ती आमंत्रणं उगीच जात नाहीत. क्वार्टरबॅकचं गणित त्यातही वेगळं. पहिल्या फेरीत घेतला की त्याला खेळवावं लागतं, नाहीतर अख्खं गाव विचारतं. 'बरा आहे' एवढ्यावर त्याला कोणी तिथे घेत नाही. त्यामुळे तो घसरला की दहा जागा घसरत नाही, शंभर घसरतो. आणि कागद शेवटच्या दिवशी भरा. आमचे दोनशे डॉलर साडूंच्या मुलीने नेले. ती फुटबॉल बघत नाही, बुधवारी रात्री चार ठिकाणचे अंदाज जुळवून तिने यादी उतरवली.

पण 'घेणारा बघा' हेही काही ब्रह्मवाक्य नाही. २०२४ च्या मार्चमध्ये फाल्कन्स संघाने क्वार्टरबॅक कर्क कझिन्सशी चार वर्षांचा १८ कोटी डॉलरचा करार केला आणि एप्रिलमध्ये आठव्या नंबरला मायकेल पेनिक्स घेतला, तोही क्वार्टरबॅकच. घेणाऱ्याकडे कितीही टक लावून बघा, हे कोणाला दिसलं असतं? साडूंना विचारलं तर ते विषय बदलतात.

सामने बघूच नका असं मी म्हणत नाही. पोरगा कसा खेळतो ते त्यातूनच कळतं, फक्त कुठे जाईल ते कळत नाही.

आणि हो, साडूंच्या कागदावरही सँडर्स होताच. २१ वा नंबर, स्टीलर्स. घेणारा अगदी निरखून बघितला होता ना! स्टीलर्सनी तिथे डेरिक हार्मन घेतला. साडू आता म्हणतात, मी तसं लिहिलंच नव्हतं. फ्रिजवर लावलेल्या त्या कागदाचा फोटो माझ्याकडे आहे, तारखेसकट.