गिरणीच्या बोर्डावर काय लिहू म्हणजे गिऱ्हाईक वाढेल?

तुम्ही विचारलं की गावात पिठाची गिरणी टाकली, बोर्डावर काय लिहू. भाऊ, "गुणवत्ता", "विश्वास" आणि "तत्पर सेवा" सोडून काहीही लिहा. हे शब्द दिसले की माझं डोकं उठते.

माझं यवतमाळ जिल्ह्यात मोटर वायंडिंगचं, म्हणजे जळलेल्या मोटरीत नवी तार भरून द्यायचं, दुकान आहे. सुरू केलं तेव्हा साळ्यानं नागपूरहून दहा बाय सहाचं फ्लेक्स आणलं, त्याचा धंदाच तो. वर मोठ्ठ्या अक्षरात "उत्कृष्ट सेवा हीच आमची ओळख", खाली माझा गॉगलवाला फोटो, बाजूला त्याच्या ओळखीचे चार पुढारी, अन् मोटर कुठंच नाही. लोकांना वाटलं मी सरपंचकीले उभा राह्यलो. दोघं जण शुभेच्छा देऊन गेले, चहा माझाच.

मग मी लोक काय बोलतात ते ऐकाले लागलो. हरभऱ्याले पाणी द्यायच्या दिवसांत रात्रीची लाइन, एक फेज जाते, मोटर जळते, सकाळी कास्तकार ती गाडीवर टाकून आणते अन् पहिलं विचारते, कधी भेटन? मग विचारते, तार तांब्याचीच टाकसान ना? तेच पेंटरकडून पत्र्यावर लिहून घेतलं: "मोटर जळली? आज टाका, उद्या संध्याकाळी न्या. तार तांब्याची. जळकी तार वजन करून परत." शेवटच्या ओळीनं खरं काम केलं, कारण जळक्या तांब्याचे भंगारात पैसे येतात अन् ते कोण ठेवून घेते हे सगळ्या गावाले माहीत.

साळा म्हणे, गावठी दिसते. मी त्याले जाहिराती लिहिणाऱ्या डेव्हिड ऑगिल्वीचं सांगितलं, १९५८ ची रोल्स रॉइसची जाहिरात, ताशी ६० मैलांवर गाडीत सगळ्यात मोठा आवाज घड्याळाचा. गाडी उत्तम आहे म्हणाला का तो? घड्याळ दाखवलं. त साळा म्हणे, मग तुम्ही रोल्स रॉइस विका.

तुमच्या गिरणीवर बाया काय विचारतात? ज्वारीवर गहू दळता का, लाइट गेली त डबा ठेवून जाऊ का. तेच लिहा.

हां, जमते तेवढंच लिहा पण. माझ्या पहिल्या पाटीवर "आजच्या आज" होतं, पण नव्या तारेवरचं वार्निश वाळाले वेळ लागते, घाईत दिलेली एक मोटर आठ दिवसांत परत आली अन् ती फुकटात बांधून द्यावी लागली.

फ्लेक्स आता सोयाबीनच्या गंजीवर आहे. दिवाळीत साळा आला, पाह्यलं त्यानं, म्हणे बघा, दोन पावसाळे झाले, कलर हलला का?